न वाढलेली धाव : खटाव तालुक्यातील जुने ट्रक आणि इंजिनबांधणीचा इतिहास

प्रस्तावना

वडूज हे नाव महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासात ९ सप्टेंबर १९४२ च्या मोर्चामुळे नोंदले गेले आहे. वडगावचे परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी त्या दिवशी गोळीबारात हुतात्मा झाले. खटाव तालुक्याचा राजकीय इतिहास त्यानंतर बऱ्यापैकी लिहिला गेला. औंध संस्थानातील स्वराज्याच्या प्रयोगावर आणि प्रतिसरकारवरही ग्रंथ झाले. परंतु ज्या तालुक्यात रेल्वे कधी आलीच नाही, त्या तालुक्यात धान्य, खत, कडबा, बटाटा आणि सिमेंट ज्या वाहनांनी आणले-नेले, त्या मालवाहू ट्रकांचा व ते चालू ठेवणाऱ्या मेस्त्रींचा इतिहास जवळजवळ अलिखितच आहे.

प्रस्तुत लेखात या मोठ्या विषयातील एकाच लहान प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. अमेरिकेत जुन्या ट्रकचे इंजिन नव्याने बांधताना त्याच्या पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, मूळ मापापेक्षा वाढविण्याची एक जुनी रीत आहे. अशा इंजिनास तेथे ‘स्ट्रोकर’ म्हणतात. आपल्याकडे इंजिने त्याहून अधिक वेळा खोलली आणि बांधली गेली. लेथ होते, क्रँक घासण्याची यंत्रे होती आणि कसबी हात तर निश्चितच होते. असे असूनही धाव वाढविण्याची रीत येथे रूढ झाली नाही. ती का झाली नाही, हा तो प्रश्न होय. प्रश्न यंत्रशास्त्राचा वाटतो, पण त्याचे अर्धे उत्तर आर्थिक इतिहासात आहे.

धाव आणि व्यास

इंजिनाची घनक्षमता दोन मापांवर ठरते : सिलिंडरचा व्यास (कारागिरांच्या भाषेत बोअर) आणि पिस्टनची धाव. व्यास सिलिंडरमध्ये असतो, धाव क्रँकमध्ये असते. क्रँकपिन मुख्य अक्षापासून जितकी दूर, त्याच्या दुप्पट पिस्टनची धाव. म्हणून व्यास वाढवावयाचा तर सिलिंडर कापावा लागतो आणि धाव वाढवावयाची तर क्रँकच बदलावी लागते. ओढण्याची ताकद मुख्यतः घनक्षमतेवर अवलंबून असते. वडूजहून पुसेगावमार्गे साताऱ्यास जाणाऱ्या ट्रकला वर्धनगडचा घाट लागतो. पुढे मुंबई गाठावयाची तर खंबाटकी, कात्रज आणि बोरघाट आहेतच. भरलेली गाडी घाटात ‘दम टाकते’ की नाही, यावर फेरीचा वेळ, डिझेलचा खर्च आणि मालकाचा हप्ता ठरत असे. तेव्हा मोठ्या इंजिनाची गरज येथे कमी होती असे कोणी म्हणू शकणार नाही.

अमेरिकेतील रीत कशी सुरू झाली हे पाहणे उद्बोधक आहे. तेथील फोर्डच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची धाव ३.७५ इंच होती. १९४९ पासून त्याच घराण्यातील मर्क्युरी गाडीच्या इंजिनाला चार इंच धावेची क्रँक आली. कॅलिफोर्नियातील हौशी तरुणांनी ती भंगारातून आणून फोर्डच्या इंजिनात बसविली. व्यास तोच राहिला आणि घनक्षमता २३९ वरून २५५ घन इंचांवर गेली. पुढे शेव्हर्ले ३५० या इंजिनात त्याच घराण्यातील ४०० ची क्रँक घालून ३८३ घन इंचांचे इंजिन बांधण्याची टूम निघाली आणि जुन्या पिकअप ट्रकांमध्ये ते इंजिन फार लोकप्रिय झाले. ४०० ची क्रँक जशीच्या तशी ३५० मध्ये बसत नाही. तिचे मुख्य जर्नल २.६५ इंचांवरून २.४५ इंचांपर्यंत घासावे लागतात. हे काम आपल्याकडील कोणत्याही चांगल्या क्रँक ग्राइंडिंगच्या दुकानात होण्यासारखे आहे. फरक कौशल्याचा नव्हता. घासण्यासाठी ‘थोरल्या भावाची’ क्रँक भंगारात पडलेली होती की नाही, एवढाच फरक होता.

डिस्पोजलचे ट्रक आणि एकाकी इंजिने

विशेष असे की, ज्या फोर्ड इंजिनापासून ही रीत सुरू झाली ते इंजिन आपल्याकडेही आले होते. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेले लष्करी फोर्ड आणि शेव्हर्ले ट्रक मोठ्या प्रमाणावर भारतात आले. त्यांपैकी फोर्डमध्ये हेच २३९ घन इंचांचे इंजिन असे. युद्ध संपल्यावर हे ट्रक ‘डिस्पोजल’मधून विकले गेले आणि महाराष्ट्रात खाजगी मालवाहतुकीची एक पिढी त्यांच्यावर उभी राहिली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. प्रवासी वाहतूक हळूहळू सरकारी झाली, माल मात्र खाजगी ट्रककडेच राहिला.

ही इंजिने मर्क्युरीच्या क्रँकची वाट पाहत राहिली, असे म्हटले तर ते थोडे काव्यमय होईल. पण वस्तुस्थिती तशीच होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला होता आणि फोर्डचीही जुळणी मुंबईत होत असे. १९५३ च्या टॅरिफ कमिशनने केवळ जुळणी करणाऱ्या व उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना थारा देऊ नये असे धोरण सुचविले आणि या दोन्ही कंपन्या निघून गेल्या. देशी कारखानदारीच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, पुढील तीन दशके भारतीय रस्त्यावर इंजिनांची विविधता फारच थोडी राहिली. टेल्को, अशोक लेलँड, प्रीमियरचे डॉज-फार्गो, हिंदुस्थान मोटर्सचे बेडफर्ड एवढ्यावर यादी जवळपास संपते. आणि या प्रत्येकाचे एकच इंजिन वर्षानुवर्षे चाले. स्ट्रोकर बांधण्यासाठी इंजिनांचे भरलेले घर लागते : एक धाकटा ब्लॉक, एक थोरली क्रँक, तिसऱ्याचे पिस्टन. येथे प्रत्येक इंजिन एकुलते एक होते.

कंपन्यांनी स्वतः काय केले

मेस्त्रींचे सोडून कारखान्यांकडे पाहिले तरी एक गोष्ट ठळकपणे दिसते. इंजिन मोठे करावयाचे झाले तेव्हा त्यांनीही शक्य तोवर धावेला हात लावला नाही.

डेमलर-बेंझच्या सहकार्याने टेल्कोने १९५४ मध्ये ट्रकनिर्मिती सुरू केली. मूळ जर्मन ओएम ३१२ इंजिनाचा व्यास ९० मि.मी. व धाव १२० मि.मी. होती. जर्मनीत त्यानंतर आलेल्या ओएम ३२१ मध्ये व्यास ९५ झाला, धाव तीच. आपल्या १२१० ट्रकमधील टाटा ६९२ इंजिनाचा व्यास ९२ आणि धाव पुन्हा १२०. ओएम ३५२ मध्ये प्रथम धाव १२८ मि.मी. झाली आणि टाटाचे ६९७ इंजिन याच मापाचे, म्हणजे ९७ मि.मी. व्यास व १२८ मि.मी. धाव असे होते. ६९२ ची घनक्षमता ४७८८ घन सेंटिमीटर आणि ६९७ ची ५६७५. म्हणजे सुमारे साडेअठरा टक्के वाढ. ही वाढ फोडून पाहिली तर व्यासामुळे अकरा टक्क्यांहून थोडी अधिक आणि धावेमुळे पावणेसात टक्क्यांच्या आत अशी विभागणी येते. योगायोग असा की, फोर्ड-मर्क्युरीच्या धावेतील वाढही नेमकी याच प्रमाणात, सोळास पंधरा, अशी आहे. जे कॅलिफोर्नियातील पोरांनी भंगारातून साधले, तेच टाटांच्या ट्रकमध्ये यावयास जर्मन आराखडा, नवे पिस्टन, नवी क्रँक आणि काही वर्षे लागली.

प्रीमियरच्या ट्रकांत मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्सच्या सहकार्याने केलेली डिझेल इंजिने बसत. पर्किन्सचे पी-६ इंजिन साडेतीन इंच व्यासाचे व पाच इंच धावेचे. नंतरच्या ६.३५४ ची मांडणी पुष्कळ निराळी, घनक्षमता २८८ वरून ३५४ घन इंचांवर गेलेली, पण धाव पुन्हा पाच इंचच.

तिसरे उदाहरण वाचकांच्या नित्याच्या पाहण्यातील आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत चाचणीसाठी जे किर्लोस्कर टीव्ही-१ इंजिन हटकून आढळते, त्याचा व्यास ८७.५ मि.मी. व धाव ११० मि.मी. असते. विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या एव्ही-१ चा व्यास ८० आणि धाव तीच ११०. क्रँकच्या साच्यावर, घडाईवर आणि घासणीवर जो खर्च झालेला असतो तो पुन्हा करावा लागू नये, हा यामागील व्यवहार होय.

क्रँक कोण बनवतो?

येथे सातारा जिल्ह्याचा औद्योगिक इतिहास थोडा आठवावा लागेल. १९१० मध्ये बेळगाव सोडावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली. औंध हे गाव आजही खटाव तालुक्यातच आहे. किर्लोस्करवाडीची सनद, एका अर्थी, वडूजच्या शेजारीच लिहिली गेली. इकडे सातारा रोड येथे सर धनजीशहा कूपर यांच्या कारखान्यात लोखंडी नांगर बनू लागले आणि १९३० च्या दशकात डिझेल इंजिनेही बनू लागली. हा कारखाना पुढे वालचंद समूहाकडे गेला. कूपर हे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, ही गोष्ट नांगरापेक्षा अधिक लोकांना ठाऊक असते! किर्लोस्करांचा स्वतंत्र इंजिन कारखाना १९४६ मध्ये खडकीस निघाला.

या सर्व वाटचालीत ओतीव काम लवकर साधले. कोल्हापूर, सांगली, किर्लोस्करवाडी परिसरात फाउंड्री रुजली; सिलिंडर, हेड, चाक हे ओतून व कापून होत असे. वाहनाची वेगवान क्रँक मात्र बहुधा घडीव पोलादाची असते. तापलेल्या पोलादाला साच्यात प्रचंड दाबाने ठोकून आकार द्यावा लागतो. ते गावातल्या भात्याचे काम नव्हे. १९६१ मध्ये पुण्यात भारत फोर्ज स्थापन झाली. तिचे संस्थापक नीलकंठराव कल्याणी कराड परिसरातून आलेले. पूर्वी ओतकामात पुढे गेलेल्या या पट्ट्याने घडाईची वाट अशी उशिरा, पण दमदारपणे धरली. आज अमेरिकेतील अवजड ट्रकांना लागणाऱ्या क्रँक व पुढील आसाचे बीम पुण्याहून जातात.

म्हणजे १९६० पूर्वी ज्या मेस्त्रीला धाव वाढवावीशी वाटली असती त्याला क्रँक मिळण्याची सोय नव्हती. त्यानंतर क्रँक देशात होऊ लागली, पण ती कंपनीच्या मापाची, कंपनीच्याच इंजिनासाठी.

मेस्त्रीचे गणित

तरीही एक वाट उरतेच. आहे तीच क्रँक थोडी बाजूला सरकवून घासावयाची. क्रँकपिन तिच्या मूळ केंद्राभोवती न घासता बाहेरच्या बाजूस सरकविलेल्या केंद्राभोवती घासली तर पिन बारीक होते आणि धाव वाढते. कराड, सातारा, सांगली, कोल्हापूर येथील क्रँक ग्राइंडिंगच्या यंत्रांना हे अशक्य नव्हते.

पण हिशेब करून पाहावा. बाजारात बेअरिंग मिळत ती पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर अंडरसाइजची. पिन एक मिलिमीटरने बारीक केली तर केंद्र फार तर अर्धा मिलिमीटर सरकते, म्हणजे धाव एक मिलिमीटर वाढते. १२० वर एक, म्हणजे एक टक्काही नाही. त्याउलट ९२ चा व्यास दीड मिलिमीटरने वाढविला तर घनक्षमता तीन टक्क्यांहून अधिक वाढते. एक टक्क्यासाठी क्रँकचे सर्व आयुष्य एकाच वेळी खर्ची घालावयाचे. कारण पुढच्या वेळी झिजलेली पिन दुरुस्त करण्यास अंडरसाइज शिल्लकच राहणार नाही आणि वरचा कठीण केलेला थर एका बाजूने अधिक खोल खाल्ला गेलेला असेल. हे कोणता शहाणा मेस्त्री करील?

शिवाय पेट्रोल इंजिनात जी सवलत असते ती डिझेलमध्ये नसते. डिझेलमध्ये पिस्टनचा माथा वर आला असता त्याच्यात आणि हेडमध्ये अंतर मिलिमीटरच्या आसपासच राहते. धाव वाढली की पिस्टन तिच्या निम्म्याने अधिक वर येतो. आठ मिलिमीटर वाढविली तर चार मिलिमीटर. म्हणजे तो सरळ हेडवर आदळणार. त्यासाठी पिस्टनच्या पिनेची उंची बदललेले निराळे पिस्टन हवेत अथवा आखूड कनेक्टिंग रॉड हवा. त्यातून धाव वाढली की पिस्टनचा वेगही वाढतो : मिनिटाला २८०० फेरे धरल्यास १२० मि.मी. धावेला सरासरी वेग सेकंदाला ११.२ मीटर येतो, १२८ ला जवळपास १२. रॉडचे बोल्ट हे सर्व सोसतात, आणि एक बोल्ट तुटला तर ब्लॉकला भोक पडते.

म्हणून दम कमी पडणाऱ्या गाडीवर मालकांनी सोपा उपाय केला. ‘पंप वाढविणे’ हा तो उपाय होय. डिझेल पंपाची मात्रा चढवून घेतली की गाडी घाट काढते, काळा धूर सोडते आणि पिस्टन लवकर जळतात. उपाय वाईट खरा, पण तासाभरात होणारा आणि उद्या मागे घेता येणारा. क्रँक घासून घेतलेला निर्णय मागे घेता येत नाही.

मेस्त्रीचे खरे कौशल्य याच्या उलट दिशेने चालले होते. अमेरिकन हौशी माणूस इंजिनात नसलेला मिलिमीटर घालीत होता, तर आपला मेस्त्री झिजून गेलेला मिलिमीटर परत आणीत होता. सिलिंडर अंडाकृती झाला की बोअर करावयाचा, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने ओव्हरसाइज पिस्टन घालावयाचे आणि शेवटचे माप संपले की स्लीव्ह बसवून इंजिन पुन्हा ‘स्टँडर्ड’वर आणावयाचे. एकच ट्रक दोन-दोन, तीन-तीन मालकांच्या हाताखाली असा जगे. या कामाला अभियांत्रिकीच्या इतिहासात दुरुस्ती म्हणून खालचे स्थान मिळते, ते प्रस्तुत लेखकास मान्य नाही. एक शतांश मिलिमीटर कमी-जास्त झाले तर जे बिघडते ते नवनिर्मितीइतकेच काटेकोर काम होय. ते करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे शिक्षण वर्गात बसून नव्हे तर उस्तादाच्या हाताखाली पाने उचलीत घेतले.

कायद्याची चौकट

कायद्यानेही याच दिशेला बळ दिले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. दहा किंवा अधिक परिवहन वाहने असलेल्या मालकास इंजिन बदलण्याची जी मोकळीक राज्य शासन देऊ शकते, तीही त्याच बनावटीच्या आणि त्याच प्रकारच्या इंजिनापुरती आहे. खटावसारख्या तालुक्यातील एका-दोन गाड्यांचा मालक तिच्यातही बसत नाही. त्यातही भाड्याचे उत्पन्न इंजिनाच्या क्षमतेवर नव्हे, तर नोंदणीतील भारावर अवलंबून. दोन आसांच्या ट्रकची १६.२ टनांची मर्यादा २०१८ मध्ये १८.५ टन झाली. ती कागदावर वाढली, कोणाच्या क्रँकमुळे वाढली नाही.

नोंदवह्यांविषयी

या विषयाची साधने कोठे आहेत, हा प्रश्न शेवटी उरतो. कंपन्यांची माहितीपत्रके मिळतात, कायदे छापील आहेत. पण तालुक्यातील इंजिनांचे प्रत्यक्ष आयुष्य बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगच्या दुकानांतील नोंदवह्यांत आहे. अशा वहीत गाडीचा क्रमांक, आलेली तारीख, मेन आणि बिगएंडची मापे, बोअरचे माप, घातलेली स्लीव्ह आणि राहिलेली उधारी एवढे एका ओळीत लिहिलेले असते. २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. ट्रक गेले की त्यांची दुकाने मंदावतात आणि दुकान बंद झाले की वही रद्दीत जाते.

सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास व अर्थशास्त्र विभागांना या वह्या मिळविणे अवघड नाही. विद्यार्थ्यांपैकी कोणाचे तरी वडील, मामा किंवा चुलते या व्यवसायात असतातच. त्या हाती आल्या तर काही अगदी साधे प्रश्न विचारता येतील. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीची पोती रस्त्याने तालुक्यात येत होती. त्या वर्षी बोअर केलेल्या इंजिनांची संख्या वाढली होती काय, की पैशाअभावी मालकांनी झिजलेल्या इंजिनांवरच गाड्या हाकल्या? आणि एखाद्या ओळीत कोणा मेस्त्रीने मूळ मापापेक्षा अधिक धावेची नोंद करून ठेवली असेल, तर प्रस्तुत लेखाचे शीर्षक बदलावे लागेल.